ऑक्सिमीटर जे सांगत नाही: घरी ऑक्सिजन आणि बायपॅपवर असलेल्या माणसाची काळजी

दुपारचा दीड. आई ताटावर बसल्याबसल्या पेंगत होती, हातातला वरणभाताचा घास तसाच. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता आणि तो आकडा बघून घरातले सगळे निर्धास्त होते. सकाळी भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं ‘एवढं मोठं मशीन आणि लावलाय एकच लिटर?’ म्हणत आपलेपणानं फ्लोमीटरची गोळी पाचवर नेऊन ठेवली होती. संध्याकाळी दवाखान्यात धमनीतलं रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा दाब ८६ निघाला. एरवी तो पन्नाशीच्या आसपास असायचा.

ऑक्सिमीटर बिघडलेला नव्हता. तो ऑक्सिजन मोजतो, कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, एवढंच. हे आम्हाला त्या दिवसापर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आईनं आयुष्यात विडी-सिगारेट ओढली नाही. साताऱ्याकडच्या गावात चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला, धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीवरचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याच्या आजारावरचा) लेख याच धुराबद्दल बोलतो. आपल्याकडे या आजाराच्या रांगेत अशा बायका पुष्कळ असतात. शिवाय टीबी बरा झाला पण फुप्फुस आक्रसलं असे लोक, ब्रॉन्किएक्टेसिसचे (श्वासनलिका फुगून कफ साठणारे), फुप्फुसं कडक होत गेलेले, पाठीला मोठा बाक असलेले, स्नायूंचे आजार असलेले. कारणं वेगळी, पण शेवटी अवस्था एकच येते: फुप्फुसं रोजचं काम रोज पुरं करू शकत नाहीत.

पुढे लिहिलंय ते अशा माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी. लिटर, दाब आणि औषधं तुमच्या चेस्टवाल्या डॉक्टरांनीच ठरवायची. पण त्यांना काय विचारायचं आणि घरी काय बघायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

पहिलं काम: आपला रुग्ण कोणत्या गटातला?

घरी मशीन आणण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. एका गटात फक्त ऑक्सिजन कमी पडतो. धमनीतला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली जातो (पुढचे दाबही याच मापात). दुसऱ्या गटात ऑक्सिजन कमी पडतोच, शिवाय कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता साठत जातो. त्याचा दाब ४५ च्या वर राहतो. डॉक्टर यांना टाइप वन आणि टाइप टू म्हणतात. पहिल्या गटातल्या माणसाला थोडा जास्त ऑक्सिजन गेला तर सहसा काही बिघडत नाही. दुसऱ्या गटातल्या माणसाला तोच जास्तीचा ऑक्सिजन गुंगीत नेतो.

असं का होतं, ते समजून घेतलं की नातेवाइकांना समजावणं सोपं जातं. फुप्फुसाच्या खराब भागात हवा पोचत नाही, म्हणून शरीर त्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. ऑक्सिजन भरपूर मिळाला की ही आवळण सैल होते, रक्त पुन्हा खराब भागातून फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येतं. ऑक्सिजननं भरलेला हिमोग्लोबिनही हा वायू कमी वाहून नेतो. त्यात श्वास घेण्याची ओढ थोडी मंदावली तर भरच.

गट ओळखायचा तो एबीजी या तपासणीवरून. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात. शिरेतून घेण्यापेक्षा दुखतं, हे रुग्णाला आधीच सांगावं. रिपोर्टवर चार ओळी बघा. ऑक्सिजनचा दाब. कार्बन डायऑक्साइडचा दाब. पीएच, जो ७.३५ ते ७.४५ मध्ये असावा. आणि बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल सावरणारा क्षार. कार्बन डायऑक्साइड वाढलेला, पण बायकार्बोनेटही वाढलेलं आणि पीएच जाग्यावर असेल, तर साठणं जुनं आहे आणि मूत्रपिंडांनी जुळवून घेतलंय. पीएच ७.३५ च्या खाली घसरला असेल तर प्रकरण ताजं आहे. ते घरी सांभाळायचं नाही.

आणखी एक. दवाखान्यातून सुट्टी होतानाचा आकडा हा आजारपणातला आकडा असतो. त्यावर घरी ऑक्सिजन सुरू केला असेल तर दोन-तीन महिन्यांत, तब्येत स्थिरावल्यावर, पुन्हा तपासून घ्या. काहींना तोवर त्याची गरज उरलेली नसते, आणि मशीन मात्र उगीच कोपऱ्यात घरघरत बसतं.

ऑक्सिजनची चिठ्ठी

ऑक्सिजन हे औषध आहे, म्हणून त्याचीही चिठ्ठी हवी. ‘गरज पडेल तसा लावा’ ही चिठ्ठी नव्हे. आमच्या पहिल्या कागदावर नेमकं तेवढंच होतं. डॉक्टरांकडून पाच गोष्टी लिहून घ्या: बसलेलं असताना मिनिटाला किती लिटर, चालताना किती, झोपेत किती, दिवसाकाठी किती तास, आणि ऑक्सिमीटरचा आकडा कुठून कुठपर्यंत ठेवायचा. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णासाठी ही पट्टी सहसा ८८ ते ९२ असते. आमच्या फ्रिजवर तो आकडा मोठ्या अक्षरात चिकटवलाय. खाली लाल शाईत लिहिलंय: ‘९२ च्या वर गेलं तर आनंद मानू नये.’

घरी कायमचा ऑक्सिजन कुणाला? साधारणपणे तब्येत स्थिर असताना ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली असणाऱ्यांना. तो ५५ ते ६० मध्ये असेल पण हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय, पायांवर सूज आहे किंवा रक्त दाट झालंय, तर त्यांनाही. असा ऑक्सिजन दिवसाला निदान १५ तास लावावा लागतो. हा आकडा १९८० आणि १९८१ सालच्या दोन जुन्या अभ्यासांतून आला आहे. ब्रिटनमधल्या अभ्यासात रोज १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी १९ जण पाच वर्षांत दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३० जण. अमेरिकेतल्या अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे जास्त जगले. म्हणून ‘दम लागला की अर्धा तास लावते आणि काढते’ याचा आयुष्य वाढायला उपयोग होत नाही. रात्रीची झोप आणि दुपारचं लोळणं मिळून दहा तास होतात. उरलेले पाच टीव्हीसमोर, भाजी निवडताना, पोथी वाचताना सहज निघतात.

याची दुसरी बाजूही आहे. ऑक्सिजन थोडासाच कमी असणाऱ्यांना, म्हणजे ८९ ते ९३ च्या आसपास असणाऱ्यांना, घरचा ऑक्सिजन देऊन आयुष्य वाढत नाही किंवा दवाखान्याच्या फेऱ्या कमी होत नाहीत, हे २०१६ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा ९४ असताना धाप लागत असेल तर चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा गार झोत घ्यावा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण खरंच बरं वाटतं.

ऑक्सिमीटर वापरताना बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, हात मांडीवर स्थिर ठेवा आणि मिनिटभर थांबून मगच आकडा वाचा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं, हेही लक्षात असू द्या. आणि दिवसातून तीनदा पुरे. आई एकदा दर पाच मिनिटांनी बोट घालायला लागली आणि त्या धास्तीनंच तिला धाप लागायची.

मशीन, वीज आणि देवघर

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. हवेतला ७८ टक्के नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवतो आणि नव्वदीच्या घरातला शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतो. घरगुती वापराला पाच लिटरचं मशीन बहुतेकांना पुरतं. भाड्यानं घ्या किंवा विकत, पण शुद्धता दाखवणारा दिवा किंवा अलार्म असलेलंच घ्या. २०२१ च्या कोविड लाटेत घेतलेली कितीतरी मशीनं आज माळ्यावर पडून आहेत. ‘आमच्याकडे आहे की, न्या’ असं कुणी म्हटलं तर आणा, पण सुरू करण्याआधी ऑक्सिजन ॲनालायझर लावून तपासून घ्या. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या मशीनमधले खडे ओल धरतात. मशीन छान घरघरतं आणि नळीतून निव्वळ हवा येते. जुनं बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) घेतानाही अशीच चौकशी करा. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये आवाज दाबणाऱ्या फोमच्या दोषामुळे आपली लाखो मशीनं परत बोलावली होती, तेव्हा त्या कंपनीचं जुनं मशीन असेल तर सिरीयल नंबर तपासल्याशिवाय नाकाला लावू नका.

मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, पडद्याआड कोंडू नका. मागची जाळी आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या) बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला आणि ते रोज बदला. एक-दोन लिटरवर असलेल्या बऱ्याच जणांना ती बाटली लागतही नाही. नाकातली नळी दोन ते चार आठवड्यांनी नवी घ्यावी. कानामागे घासतं तिथे कापसाचा छोटा बोळा ठेवा.

पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. १५ तास चाललं तर रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. म्हणजे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार, हे धरूनच हिशोब करा. १५० एएचची एक बॅटरी असलेला इन्व्हर्टर या मशीनला तीन-साडेतीन तास ओढतो, तेही पंखे-दिवे त्याच्यावर नसतील तर. आमच्या भागात पावसाळ्यात एकदा वीज गेली की रात्र जाते, म्हणून सिलिंडर हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. २ लिटरच्या वेगानं तो साडेबारा तास पुरेल. मोठा डी टाइप ७,००० लिटरचा; तो त्याच वेगानं दोन दिवसांहून जास्त जातो. भरलेला सिलिंडर आला की दाबाचा काटा बघून तारीख लिहून ठेवा, आणि महिन्यातून एकदा खरोखर उघडून बघा. रेग्युलेटर बसवायची चावी सिलिंडरलाच सुतळीनं बांधा. मध्यरात्री ती शोधण्यात काय जातं, ते एकदा अनुभवलंय.

आता आगीबद्दल, कारण आपल्या घरांत ती चोहीकडे असते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या संगतीत बाकी सगळं भडकून पेटतं. नळी लावलेली असताना गॅसच्या शेगडीजवळ जायचं नाही, देवापुढे नीरांजन लावायचं नाही, आरतीचं ताट हातात घ्यायचं नाही. आईला हे सर्वांत जड गेलं. शेवटी तोडगा असा निघाला की दिवा नातू लावतो, आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून हात जोडते. घरातल्या कुणीही विडी-सिगारेट ओढायची असेल तर ती घराबाहेर. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल-ग्रीस कधीही नाही. नाक कोरडं पडतं म्हणून तूप, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायची सवय सोडावी. पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते वापरावं. मशीन वापरात नसेल तर बंद करा, नाहीतर चालू नळी गोधडीखाली राहून कापडात ऑक्सिजन भरत जातो.

धूर म्हणून उदबत्ती, धूप आणि मच्छरची कॉइलही बंद. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ सालचा एक अभ्यास सांगतो. मच्छरदाणी लावा. गावी ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात त्या आठवड्यात, शक्य असेल तर, रुग्णाला दुसरीकडे हलवा.

बायपॅप: पहिले पंधरा दिवस

सगळ्यात जास्त घरं इथे हरतात. मशीन आणलं जातं, तीन रात्री लावलं जातं, चौथ्या रात्री ‘जीव गुदमरतो’ म्हणून पेटीत जातं.

बायपॅप ऑक्सिजन देणारं मशीन नाही. ते हवा दाबानं आत ढकलतं आणि सोडताना दाब कमी करतं, म्हणजे थकलेल्या श्वासाच्या स्नायूंचं काम काही तास स्वतः करतं. त्यामुळे साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ऑक्सिजन लागत असेल तर तो याच नळीत वेगळा जोडावा लागतो. सीपॅप हे वेगळं मशीन. त्यात दाब एकच असतो आणि ते मुख्यतः झोपेत घसा बंद पडणाऱ्यांसाठी असतं. दुकानदारानं ‘सीपॅप स्वस्त आहे, तेच काम करतं’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

सीओपीडीच्या रुग्णाला घरी बायपॅप कधी? आजार बळावून दवाखान्यात राहून आल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा एबीजी करावी. तेव्हाही कार्बन डायऑक्साइड ५३ च्या वर असेल तर विचार करण्याजोगं आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ११६ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसता ऑक्सिजन आणि निम्म्यांना ऑक्सिजनसोबत रात्रीचं मशीन दिलं. पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडायला पहिल्या गटात साधारण १.४ महिने लागले, दुसऱ्यात ४.३. त्या रुग्णांच्या मशीनचा वरचा दाब, म्हणजे हवा आत ढकलतानाचा, २४ च्या आसपास नेला होता, हे महत्त्वाचं. आपल्याकडे १०-१२ वर लावून सोडून दिलेलं मशीन बऱ्याचदा दिसतं. रुग्णाला ते सुखाचं वाटतं, पण कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथेच राहतो. तेव्हा महिना-दोन महिन्यांनी एबीजी परत करून ‘आकडा उतरला का, दाब वाढवायचा का’ हे विचाराच. दाब घरी आपल्या मनानं मात्र बदलू नये.

मास्कची निवड घाईनं करू नका. नाकावरचा मास्क हलका असतो, पण तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला तो चालत नाही, सगळी हवा तोंडातून निघून जाते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये गळती कमी, पण कोंडल्यासारखं जास्त वाटतं. कवळी लावणाऱ्यांचे गाल रात्री आत जातात आणि मास्क बसत नाही. डॉक्टरांना विचारून कवळी घालूनच मास्क मापून घ्या. घरगुती मशीनच्या मास्कला किंवा नळीला हवा बाहेर सोडणारी बारीक छिद्रं असतात. ती ‘गळती’ समजून चिकटपट्टीनं बुजवू नका, सोडलेला श्वास तिथूनच जातो.

सवय लावायची आमची पद्धत अशी होती. पहिले दोन दिवस मशीन न लावता, दुपारी बसल्याबसल्या मास्क हातानं नुसता चेहऱ्यावर धरायचा, पट्टे बांधायचे नाहीत. पुढचे तीन दिवस मशीन सुरू करून वीस मिनिटं, समोर आवडती मालिका. मग दुपारच्या झोपेत तासभर. मग रात्री झोप येईपर्यंत, आणि मध्यरात्री काढला तरी कटकट करायची नाही. दोन आठवड्यांनी आई चार तास काढायला लागली, महिन्यानं सहा. पट्टे एक बोट आत जाईल इतके सैल असावेत. गळती थांबवायला आवळत गेलं की नाकाच्या हाडावर जखम होते, आणि मग आठवडाभर सगळंच बंद. कातडी लाल दिसायला लागली की तिथे ड्रेसिंगची जेल पट्टी लावा.

घसा कोरडा पडत असेल तर मशीनचा गरम ह्युमिडिफायर लावा. पोटात हवा भरून फुगत असेल तर जेवण आणि मास्क यांत दोन तास ठेवा, उशाकडची बाजू उंच करा, आणि तरी न थांबल्यास दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. उलटी येतेय असं वाटलं तर मास्क लगेच काढायचा. तो रुग्णाला स्वतःच्या हातानं काढता यायला हवा. हात चालत नसतील तर त्या खोलीत कुणीतरी झोपलंच पाहिजे. मास्कची उशी रोज सकाळी साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, नळी आठवड्यातून एकदा धुऊन सावलीत लटकवा.

बरं चाललंय हे कसं कळतं? सकाळची डोकेदुखी जाते. दिवसाची पेंग जाते. आईच्या बाबतीत शेजारणीनं आधी ओळखलं: ‘वहिनी पुन्हा भांडायला लागल्या.’

स्नायूंच्या आजारांत, पाठीच्या मोठ्या बाकात आणि अति लठ्ठपणात गणित थोडं वेगळं असतं. तिथे दाबाचं मशीन हाच मुख्य उपचार, ऑक्सिजन दुय्यम. ड्युशेन किंवा एएलएससारख्या, स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आजाराच्या रुग्णाला नुसता ऑक्सिजन लावला तर आकडा सुंदर दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत राहतो. त्यांना खोकला काढायला मदत करणारं मशीन किंवा अंबू बॅगनं (हातानं दाबून हवा देण्याच्या फुग्यानं) छाती भरून खोकायची पद्धत शिकवावी लागते. हे काम माहीत असलेला फिजिओथेरपिस्ट शोधणं मशीनइतकंच गरजेचं आहे.

रोजचा दिवस

इनहेलर डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला सांगा, दर भेटीला. पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा. कॅप्सूलचं असेल तर जोरात ओढायची ताकद रुग्णात उरली आहे का ते बघा, नसेल तर प्रकार बदलून घ्या. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची.

कफ सकाळी काढावा. वाफ किंवा नेब्युलायझर झाल्यावर सावकाश खोल श्वास, मग आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडून ‘हा’ करून हवा सोडायची. खोकून खोकून दमण्यापेक्षा याने बेडका लवकर वर येतो. श्वास सोडताना ओठ फुंकर घालताना करतो तसे आवळायचे, आत घ्यायला दोन मोजायचे, सोडायला चार.

चालणं बंद करू नका. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू जातात, आणि मग तेवढ्याच चालण्याला जास्त दम लागतो. पल्मनरी रिहॅबचा (फुप्फुसांच्या रुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाचा) सहा-आठ आठवड्यांचा कार्यक्रम जवळ मिळाला तर सोडू नका. नाहीतर घरातच, ऑक्सिजन लावून, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकाला फेऱ्या. खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा. अंघोळ स्टुलावर बसून, नळी लावूनच, कपडेही बसूनच बदलायचे. लांब नळी सगळ्या घरात फिरते, तेव्हा तीत पाय अडकून पडणं हा धोका मशीनच्या बिघाडापेक्षा जास्त खरा आहे.

जेवण थोडं थोडं, पाच वेळा. ताट भरून जेवलं की पोट छातीवर दाबतं. अंडं, पनीर, मुगाचं घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट यांतून प्रथिनं जावीत, कारण बहुतेकांचं वजन उतरत असतं. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलामसारखी गोळी, खोकल्यासाठी कोडीनचं सिरप आणि दारू या तिन्ही गोष्टी कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्याचा श्वास आणखी मंदावतात. औषधाच्या दुकानातून कुणी प्रेमानं आणून दिल्या तरी घ्यायच्या नाहीत.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

एका साध्या वहीत रोज चार रकाने: बसल्या जागचा ऑक्सिजन, बेडक्याचा रंग, पायाची सूज किंवा वजन, आणि रात्री किती तास बायपॅप लावला. बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा दम वाढला, तीन-चार दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अशा वेळी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचा कोर्स लवकर सुरू झाला तर दाखल व्हायची वेळ टळू शकते. काही डॉक्टर तो आधीच लिहून ठेवतात.

थांबायचंच नाही अशा खुणा: सकाळी उठवून उठत नाही, बरळतंय, हात समोर पसरले की पंजे फडफडतात, एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, ओठ निळे पडलेत. ऑक्सिमीटर काहीही म्हणो. पेंग आणि ९७ एकत्र दिसले तर ती दुपार आठवा जिच्यापासून हा लेख सुरू झाला, आणि ऑक्सिजन पूर्ण बंद न करता चिठ्ठीत लिहिलेल्या लिटरवर आणून बायपॅप लावा आणि १०८ ला फोन करा. मात्र रुग्ण उठवूनही उठत नसेल किंवा उलटी होत असेल तर मास्क लावू नका. कुशीवर वळवून ठेवा.

गाडी आली की पहिलं वाक्य हे असावं: ‘यांचा कार्बन डायऑक्साइड साठतो, आकडा ८८ ते ९२ ठेवा.’ तोंडी विसरलं जातं, म्हणून हेच वाक्य, शेवटच्या एबीजीचे आकडे आणि बायपॅपचे दाब लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड रुग्णाच्या पिशवीत ठेवा. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲम्ब्युलन्समध्ये भरमसाठ ऑक्सिजनऐवजी असा मोजून दिल्यावर सीओपीडीच्या रुग्णांमधले मृत्यू ७८ टक्क्यांनी घटले होते. व्हेंच्युरी मास्क (ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा) मिळाला तर त्याचा निळा तुकडा २४ टक्के ऑक्सिजन देतो, पांढरा २८. नेब्युलायझर अशा रुग्णाला ऑक्सिजनवर नव्हे, हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यायला सांगा. आणि घरचा मास्क सोबत न्या. तो चेहऱ्याला बसलेला असतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात. विमानाच्या आत हवा सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणून घरी ऑक्सिजन न लागणाऱ्यालाही तिथे लागू शकतो. डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्या आणि विमान कंपनीला आधी कळवा. स्वतःचा सिलिंडर चालत नाही, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर परवानगीनं चालतो. गाडीनं जाताना सिलिंडर बांधून ठेवा आणि काच थोडी खाली. महाबळेश्वरला न्यायचं असेल तर आधी विचारा.

एक बोलणं, जे पुढे ढकललं जातं

हा आजार पूर्ण बरा होत नाही. कधीतरी डॉक्टर विचारतील, घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, आणि ते विचारतील तेव्हा रुग्ण शुद्धीत नसेल. काही जण त्यातून बाहेर येतात, काहींचं व्हेंटिलेटर सुटतच नाही. तब्येत बरी असताना, घरच्याच माणसांसमोर, रुग्णालाच विचारावं. उपशामक (त्रास कमी करणाऱ्या) उपचारांचे डॉक्टर अगदी शेवटी बोलवायचे असतात हा गैरसमज आहे. काहीच करून न थांबणाऱ्या धापेसाठी ते फार थोड्या मात्रेत मॉर्फिन देऊ शकतात, आणि ते त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायचं.

हे लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. आमच्या घरी हे बोलणं एका रविवारी शेंगा सोलताना झालं. आई म्हणाली, ‘मास्क चालंल, घशात नळी नको. आणि दिवा नातवानंच लावायचा.’ तो कागद नोटरीकडून करून घेतला. एक प्रत भावाकडे आहे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये, आणि एक बायपॅपच्या पिशवीत, लॅमिनेट केलेल्या कार्डाच्या मागे.